सायकल सोडू नका गुरुजी, सीट वर घ्या

पत्र : मी औसा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद प्रशालेत शिक्षक आहे. वय ४७, उंची साडेपाच फूट. उन्हाळ्यात रक्त तपासलं तेव्हा साखर काठावर निघाली. डॉक्टरांनी वजन उतरवा म्हटल्यावर जूनमध्ये लातूरहून गिअरची सायकल आणली आणि शाळा उघडली त्या दिवसापासून मोटारसायकल बंद केली. औशातून शाळा १२ किलोमीटर, जाऊन-येऊन २४. तीन आठवडे छान गेले. मग उजव्या गुडघ्याच्या वाटीपाशी दुखू लागलं. आता जेवून उठताना, जिना उतरताना, संडासात बसताना कळ येते. सकाळी जाताना वारा तोंडावर असतो, तेव्हा जास्तच. सूज नाही, कुठे पडलो-धडपडलो नाही. एक्स-रेत ‘थोडी झीज’ सांगितली. मेडिकलवाल्याने दिलेली गोळी घेतली की दोन दिवस बरं वाटतं. शेजारी म्हणतात, ‘गुर्जी, वंगण सपलं तुमचं, आता गाडी काढा.’ घरचे रोज रात्री नीलगिरीचं तेल चोळून देतात. नवरात्रात सायकलवर तुळजापूरला जायचं फार मनात होतं. सायकल बंद करू का? गुडघ्याला पट्टा बांधू का? – एक शिक्षक, औसा

उत्तर :

गुरुजी, नमस्कार.

सायकल बंद करू नका. थोडे दिवस कमी करा, आणि ती ज्या पद्धतीने चालवताय ती बदला. तुमच्या पत्रात जे लिहिलंय त्यावरून हे दुखणं वाटीच्या मागचं आहे. पुढून दुखणं, उतरताना चढण्यापेक्षा जास्त दुखणं, उकिडवं बसताना कळ येणं, सूज नसणं, हे सगळं त्याच्याशी जुळतं. लातूर-पुणे गाडीत गुडघा वाकवून चार तास बसल्यावर उठताना पहिली दोन पावलं अवघड जातात का, तेही आठवून बघा. जात असतील तर माझा अंदाज आणखी पक्का. माझ्याकडे व्यायामोपचारासाठी येणाऱ्या नव्या सायकलस्वारांत हे दुखणं सगळ्यात जास्त दिसतं, आणि सहसा ते बरं होतं.

आधी त्या वंगणाचं बोलू, कारण ते वाक्य तुमच्या मनात घर करून बसलेलं दिसतं. गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं, आणि तो द्रव कूर्चेत आत-बाहेर होतो तो गुडघ्यावर दाब पडतो आणि सुटतो म्हणून. गुडघा हलता ठेवणं हीच त्याची राखण. शिवाय सायकलवर शरीराचं बरंचसं वजन सीट पेलते, त्यामुळे नीट चालवली तर गुडघ्याच्या सांध्यावर चालण्यापेक्षाही कमी भार येतो. म्हणून तर संधिवाताच्या रुग्णांनाही आम्ही सायकल चालवायला सांगतो. एक्स-रेतल्या ‘थोड्या झिजे’ने घाबरू नका. पंचेचाळिशी ओलांडलेल्या कित्येक लोकांच्या एक्स-रेत ती दिसते आणि त्यांचा गुडघा मुळीच दुखत नाही. तुमची झीज जूनच्या आधीही होतीच की. जूनमध्ये नवीन आली ती सायकल.

आणि सायकलीत पहिला संशय सीटवर.

आपल्याकडे कुठल्याही दुकानात सायकल घ्यायला गेलं की गिऱ्हाईक सीटवर बसतं, दोन्ही पाय जमिनीला टेकवून बघतं, आणि पूर्ण तळवे टेकले की म्हणतं, हं, झाली मापात. दुकानदारही तशीच सीट लावून देतो. हे माप थांबण्याचं झालं, चालवण्याचं नव्हे. सीट इतकी खाली असली की पायडल वर येतं तेव्हा गुडघा पार दुमडतो, आणि नेमका तिथून पुढे तुम्ही जोर लावता. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू वाटीवरून जाऊन नडगीला जोडलेला असतो. गुडघा जितका जास्त वाकलेला असताना तो स्नायू ओढतो, तितकी वाटी मांडीच्या हाडावर जोरात दाबली जाते. जमिनीवरून उठताना होतं तेच इथे होतं, फक्त इथे ते मिनिटाला साठ-सत्तर वेळा होतं. तुमच्या १२ किलोमीटरला साधारण ५० मिनिटं धरा. मिनिटाला ७५ फेरे धरले तर एका वेळच्या प्रवासात ३,७५० फेरे. दोन्ही वेळचे मिळून ७,५००. सीट दोन बोटं चुकली असेल तर ती रोज साडेसात हजार वेळा चुकते.

तुमची सीट कशी आहे हे पत्रात नाही, पण सीटवर बसल्या बसल्या दोन्ही तळवे जमिनीला टेकत असतील तर ती खाली आहे, यात मला शंका नाही. माप असं घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पावलांत वीतभर अंतर. एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, हजेरीपटही चालेल, मांड्यांच्या मध्ये जांघेपर्यंत वर सरकवा, सीटवर बसल्यासारखं घट्ट. त्याची वरची कड भिंतीवर पेन्सिलीने खुणवा आणि जमिनीपासून अंतर मोजा. या आकड्याला ०.८८३ ने गुणा. उत्तर येईल ते पायडलचा दांडा जिथे फिरतो त्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, सीटच्या नळीच्या रेषेत मोजलेलं. तुमच्या उंचीच्या माणसाचं माप समजा ७८ सेंटीमीटर आलं, तर सीट साधारण ६९ सेंटीमीटरवर हवी. हे सूत्र सायकलशर्यतींच्या जगात गेली चाळीसेक वर्षं वापरात आहे. ते सुरुवातीचं माप म्हणून घ्या, शेवटचं म्हणून नको.

मग टाचेची परीक्षा. सायकल ओसरीच्या खांबाला टेकवा, कुणाला तरी हँडल धरायला सांगा आणि सीटवर बसा. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा, पण कुल्ला सीटवर एका बाजूला कलता कामा नये. आता त्याच जागी टाचेऐवजी चवडा ठेवा. गुडघ्यात हलकासा बाक राहील, २५ ते ३५ अंशांचा. तेवढाच हवा. सूत्र आणि टाच यांच्यात थोडा फरक आला तर टाचेचं ऐका, कारण बुटाचा तळ आणि पायडलच्या दांड्याची लांबी सूत्राला माहीत नसते.

सीट एका दमात दोन इंच वर नेऊ नका. अंगाला जुन्या मापाची सवय झालेली असते, एकदम उंच केली तर गुडघ्याच्या मागची शीर ओढते. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा सेंटीमीटर. नळीवर चिकटपट्टीची खूण करा, म्हणजे सीट खाली घसरली तर लगेच कळेल. नव्या सायकलींत ती घसरतेच, बोल्ट जरा ढिला असला की खड्ड्याखड्ड्याला सूतसूत खाली जाते आणि आपल्या लक्षात येत नाही. सीटच्या नळीवर एक आडवी रेघ कोरलेली असते, ती रेघ कधीही बाहेर दिसता कामा नये. दिसत असेल तर नळी आत पुरेशी नाही, खड्ड्यात मोडू शकते.

आता तुम्ही विचाराल, मग थांबायचं कसं? हाच खरा अडसर आहे, त्यामुळेच सगळे सीट खाली ठेवतात. सीट मापात असली की बसल्या जागी फार तर एका पायाची बोटं टेकतात. थांबायचं असेल तेव्हा वेग कमी करा, एक पायडल खाली न्या, त्यावर उभं राहून सीटवरून पुढे उतरा आणि दुसरा पाय जमिनीवर टेका. निघताना उलट. एक पायडल वर घ्या, त्यावर वजन टाका, सायकल चालली की मागे सरून सीटवर बसा. शाळेच्या मैदानावर संध्याकाळी दहा-पंधरा वेळा करून बघा. औशाच्या बाजारातल्या गर्दीत पहिल्यांदा करायला जाऊ नका.

उंची जमली की सीट पुढे-मागे किती आहे ते बघा. त्यासाठी गवंड्याचा ओळंबा लागेल, नाहीतर दोऱ्याला एक नट बांधा. दोन्ही पायडलं आडवी, जमिनीला समांतर. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखाली जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो तिथे दोरा धरा. नट पायडलच्या आसावर किंवा त्याच्या किंचित मागे लोंबला तर ठीक. आसाच्या बराच पुढे जात असेल तर सीट फार पुढे आहे, थोडी मागे सरकवा. सरकवल्यावर उंची पुन्हा मोजा, ती थोडी बदलते. सीटचं नाक दांडीच्या सरळ रेषेत आहे ना, तेही बघा. तुमचा एकच गुडघा दुखतोय, तेव्हा या तिरकेपणाकडे जरूर लक्ष द्या. पायडलही वाकलेलं नाही ना, हाताने फिरवून बघा. सायकल एकदा जरी उजव्या अंगावर पडली असेल तर पायडलचा आस वाकतो आणि मग पाऊल प्रत्येक फेऱ्यात डुलतं.

पाऊल कुठे ठेवता? पुष्कळ लोक पायडल तळव्याच्या मध्यावर घेतात, चप्पल घालून तर हमखास. चवड्याचा रुंद भाग आसावर यायला हवा. शाळेत चप्पल घालायची असेल तर पिशवीत न्या, सायकलवर मात्र कडक तळाचा बूट घाला.

दुसरा मुद्दा गिअरचा, आणि मला तो सीटइतकाच महत्त्वाचा वाटतो. जड गिअर टाकला की व्यायाम जास्त होतो, ही समजूत मी गावोगाव ऐकते. साखर आणि वजन यांच्यासाठी किती वेळ आणि किती दमाने पाय चालले ते महत्त्वाचं. तेवढ्याच वेगाने जायला मिनिटाला ५० फेरे मारले तर प्रत्येक फेऱ्याला ७५ फेऱ्यांच्या दीडपट जोर लागतो. हृदयाला त्याचा काही खास फायदा नाही, वाटीला मात्र दीडपट दाब. म्हणून हलका गिअर, जलद पाय. मोजायला सोपं आहे. घड्याळाकडे बघत उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा. १२-१३ वेळा येत असेल तर तुम्ही रेटताय. १९-२० वेळा यायला हवा. सुरुवातीला हे चमत्कारिक वाटेल, सीटवर उडाल्यासारखं होईल. आठवडाभरात अंगवळणी पडतं.

तुमच्या सायकलीला बहुधा पुढे तीन चकत्या आणि मागे सात असतील. पुढे मधली चकती ठेवा, मागे मोठ्या तीन-चार चकत्यांतच खेळा. पुढची सगळ्यात मोठी चकती दोन महिने विसरून जा. चढ दिसला की चढाच्या आधी गिअर हलका करा, चढावर पाय अडकल्यावर नाही. आणि चढावर सीटवरून उभं राहून सगळं वजन एका पायडलवर टाकणं सध्या पूर्ण बंद.

वाऱ्याचं तुम्ही स्वतःच लिहिलंय, ते फार बरं झालं. आषाढ-श्रावणात आपल्या पठारावर पश्चिमेचा वारा किती वाहतो हे शेतकऱ्याला सांगायला नको, सायकलवाल्यालाही नको. पण हिशोब बघा. तुम्ही ताशी १५ किलोमीटरने चाललात आणि समोरून ताशी २० चा वारा आला, तर हवेचा विरोध वारा नसतानाच्या पाचपटीहून जास्त होतो. अशा वेळी रोजचाच वेग धरून ठेवायचा हट्ट केला की सगळा भार वाटीवर. वाऱ्यात वेग पडू द्या. गिअर दोन पायऱ्या हलका, फेरे तेवढेच, वेग येईल तो येवो. आणि जमलं तर पाऊण तास लवकर निघा. सकाळी लवकर वारा त्यामानाने पडलेला असतो, दुपारकडे तो वाढत जातो. शाळेत आधी पोहोचून घाम वाळवायला, शर्ट बदलायला वेळही मिळेल.

सायकलच जड चालत असेल तर मग तुम्ही काय करणार! टायरच्या कडेवर हवेचा आकडा छापलेला असतो, आठवड्यातून एकदा त्याप्रमाणे हवा भरा. काळ्या रानातला चिखल ब्रेकच्या रबरात आणि चाकाच्या पट्टीत बसतो, वाळला की दगड होतो. चाक उचलून हाताने फिरवा. दोन-चार फेऱ्यांत थांबलं तर ब्रेक घासतोय. पावसाने चेनचं तेल धुऊन जातं, ती कोरडी करकरत असेल तर पुसून तेलाचे थेंब सोडा. वंगण हवं ते इथे.

आता कमी किती करायचं. तुम्ही शून्यावरून एकदम रोज २४ वर गेलात, आठवड्याला सहा दिवस म्हणजे १४४ किलोमीटर. दमसास काही आठवड्यांत वाढतो, पण शिरा आणि सांध्याभोवतीच्या उती सावकाश तयार होतात. तीन आठवडे छान जाऊन मग दुखू लागणं हे त्यातूनच आलं. पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड सायकल, मधल्या दिवशी मोटारसायकल काढा, त्यात कमीपणा काही नाही. दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्या. चालवताना तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वपदावर आलं तर चालेल. त्याहून जास्त दुखलं किंवा सकाळीही ठणका राहिला तर पुढच्या वेळी अंतर कमी करा, गिअर आणखी हलका करा. तिसऱ्या आठवड्यापासून एकेक दिवस वाढवत न्या.

या काळात जमिनीवरून उठबस जरा कमी ठेवा. जेवायला खुर्ची घ्या, नाहीतर पाटावर बसा आणि उठताना हाताचा आधार घ्या. कमोडची सोय असेल तर थोडे दिवस वापरा. हे कायमचं नाही. मांडी घालून बसणं वाईट, असं मी मुळीच म्हणत नाही. दुखणं उतरलं की पुन्हा बसायचं, कारण उकिडवं बसता येणं ही आपल्या गुडघ्यांची मोठी कमाई आहे आणि ती घालवू नये.

गोळ्यांबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. मेडिकलवरून मिळणारी ती गोळी बहुतेक वेळा दोन वेदनाशामकांचं मिश्रण असते. ती घेऊन सायकल चालवली की दुखणं झाकतं आणि गुडघ्यावरचा मार तसाच चालू राहतो. आणखी गंभीर म्हणजे घाम गाळल्यावर, पाणी कमी पडलेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात. ऑक्टोबरच्या उन्हात तर फारच. रक्तदाब असेल, पोटात आम्लपित्त असेल तर आणखी जपून. तुमची साखर काठावर आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि कुणी बिननावाची पुडी दिली, ‘एका पुडीत गुडघा मोकळा’ म्हणून, तर हातही लावू नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड निघालेलं आहे, आणि स्टेरॉइडने साखर वाढते. त्यापेक्षा शाळेतून आल्यावर बर्फ पातळ टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनिटं वाटीभोवती ठेवा. नीलगिरीचं तेल लावू द्या, घरच्यांच्या हाताने बरं वाटतं, त्याने नुकसान काही नाही. फक्त वाटीवर जोरात रगडायला नको, मांडीचा पुढचा आणि बाहेरचा भाग मोकळा केला तर जास्त उपयोग. पट्टा बांधायचा तर बांधा, उबेने आणि आधाराने बरं वाटतं, पण तो उपचार नव्हे. घट्ट बांधू नका, रात्री काढून ठेवा.

उपचार म्हणायचा तो व्यायामाला. वाटी जागेवर नीट सरकावी यासाठी मांडी आणि खुबा या दोन्हींचे स्नायू बळकट लागतात, आणि आपले लोक फक्त मांडीचं बघतात. एक दिवसाआड करा. पाठीवर झोपून डावा गुडघा उभा, उजवा पाय ताठ करून वीतभर वर उचला, पाच आकडे मोजून सावकाश खाली. मग डाव्या कुशीवर वळून उजवा पाय सरळ ठेवून बाजूला वर, पाऊल थोडं मागे झुकलेलं, कंबर न वळवता. मग पाठीवर झोपून दोन्ही गुडघे उभे करून कंबर वर उचलणं. तिन्ही दहा-बारा वेळा, तीन फेऱ्या, आणि दोन्ही पायांनी.

चौथा व्यायाम शाळेच्या व्हरांड्याच्या पायरीवर करता येईल. पायरी वीतभरापेक्षा उंच नको. उजव्या पायावर पायरीच्या कडेला उभे राहा, खांबाला हात लावा, डावी टाच सावकाश खाली नेऊन जमिनीला नुसती शिवा आणि परत वर या. या वेळी उजवा गुडघा आत, डाव्या गुडघ्याकडे झुकतो का ते बघायचं. तो पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवा. आपलं आपल्याला नीट दिसत नाही, एखाद्या सहकाऱ्याला समोर उभं करा. आत झुकत असेल तर खुबा कमजोर आहे, आणि सायकलवरही प्रत्येक फेऱ्याला तो गुडघा असाच आत येत असणार. दुखण्याचे गुण तीनच्या वर गेले तर आणखी बुटकी पायरी घ्या. याला सहा ते आठ आठवडे लागतात. दुसऱ्या आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून सोडू नका.

पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात: दुखणं गुडघ्याच्या मागे असेल तर सीट बहुधा फार उंच आहे. आतल्या बाजूला असेल तर पावलं बाहेर वळलेली आहेत का बघा. बाहेरच्या बाजूला चरचरत असेल तर सीटची उंची आणि आत वळलेली पावलं, दोन्ही तपासा.

आणि या खुणा दिसल्या तर सायकल बाजूला ठेवून अस्थिरोगतज्ज्ञांकडेच जायचं. गुडघा सुजून गरम होणं, ताप, गुडघा मध्येच अडकणं किंवा दगा देणं, पडल्यावर किंवा पिळवटल्यावर लगेच सूज येणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. पोटरी एकाएकी सुजली आणि दुखू लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे, तुम्हाला दूर जायची गरज नाही. काही खुणा नसतील तरी सहा आठवडे मन लावून हे सगळं केल्यावर फरक पडला नाही, तर प्रत्यक्ष तपासून घ्या.

गुरुजी, एक विनंती. तुमच्या प्रशालेत मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळालेल्या आठवी-नववी-दहावीच्या मुली येत असतील. सायकल मिळाली तेव्हा जिथे सीट होती तिथेच ती तीन वर्षं राहते, मुलगी मात्र वितभर वाढते. गुडघे हँडलला लागेपर्यंत त्या तशाच चालवतात, आणि गुडघा दुखतो हे घरी सांगतही नाहीत. एखाद्या शनिवारी पाना आणि तेलाची बुधली घेऊन मैदानावर बसा, टाचेची परीक्षा घ्या आणि सगळ्यांच्या सीट मापात करून द्या. थांबायचं कसं तेही शिकवा. तुम्ही स्वतः यातून गेला आहात, तुमचं त्या ऐकतील.

तुळजापूरचं आता. नवरात्राला अजून दोन महिने आहेत. चौथ्या आठवड्यापर्यंत रोजची शाळा तीनच्या आतल्या दुखण्यात जमू लागली, तर रविवारी एक लांबची फेरी धरा. आधी औसा-लातूर जाऊन-येऊन ४०, तीही मध्ये तासभर विसावा घेऊन. ती दोनदा नीट झाली की खरोशाच्या लेण्यांकडे जा, त्या बाजूला चढाचा सराव होईल. औशाहून तुळजापूर ५५ किलोमीटरच्या आसपास आहे, रस्ता चढउताराचा. पहाटे दिसू लागल्यावर निघा, अंधारात नको. नवरात्रात त्या रस्त्याने पायी जाणारे भाविक असतात आणि महामार्गाची अवजड वाहतूकही. दर तासाला उतरून पाच मिनिटं चाला, तहान लागायच्या आधी पाणी प्या. उपवास कडक धरून एवढं अंतर जाणार असाल तर साखरेच्या डॉक्टरांना आधी विचारा. हे मी आग्रहाने सांगते.

गुडघ्याची खरी परीक्षा पोहोचल्यावर आहे. आईचं मंदिर खोलात आहे, महाद्वारातून आत गेलं की गोमुख आणि कल्लोळ तीर्थांकडे पायऱ्या उतराव्या लागतात, आणि वाटीमागच्या दुखण्याला उतरणंच सगळ्यात जड जातं. सायकलवरून उतरल्या उतरल्या रांगेत शिरू नका. अर्धा तास बसा, पाय मोकळे करा. पायऱ्यांवर कठडा धरा. उतरताना दुखरा पाय आधी, चढून येताना चांगला पाय आधी. आणि परतीचा प्रवास त्याच दिवशी सायकलवर करायचा नाही. एखादा टेम्पो किंवा ओळखीची जीप आधीच सांगून ठेवा, सायकल तिच्यात टाका आणि गाडीत पाय लांब करून बसा.